आधी धरण पाहून घ्या

सुरतेच्या डिंडोलीपासून थेट पलसाण्यापर्यंत पसरलेल्या आमच्या समस्त सोयऱ्यांना, भाऊबंदांना आणि आमच्या सोसायटीच्या बाकड्यावर संध्याकाळी बसून सगळ्यांच्या घरातली लग्नं जुळवणाऱ्या मंडळाला अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येते की, माझ्या धाकट्या दिराचं लग्न हा विषय आमच्या घरात कायमचा बंद झाला आहे. यापुढे कोणीही कसलाही बायोडेटा पाठवू नये. कोणाच्या आतेबहिणीच्या नणंदेची मुलगी असल्यास तिला आमचे आशीर्वाद कळवावेत. फोटो पाठवू नये. तरीही पाठवल्यास तो पाहिला जाईल, नाही असं नाही, पण मी एकटीच पाहीन.

ही घोषणा मी पहिल्यांदा केली ती दुपारी माझ्याकडे साड्यांना टिकल्या आणि लेस लावायला जमणाऱ्या बायांपुढे, मांडीवरची साडी शालीसारखी खांद्यावर टाकून, उभी राहून. बसून सांगितलेली गोष्ट मला अर्धीच सांगितल्यासारखी वाटते. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग एकीने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "खरंच बंद?" आणि मला खाली बसावं लागलं.

माझा दीर पांडेसऱ्याच्या एका मिलीत बॉयलरवर आहे. रंगाईच्या मिलीत कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला आग लागते, आगीला कोळसा लागतो आणि कोळशाला माझा दीर लागतो. मी लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. आता तो चाळिशीच्या दारात उभा आहे आणि त्या दाराला बाहेरून कडी आहे. स्वभावाने इतका गरीब की घरात पाहुणे आले तर हा स्वतःच्याच घरात चपला काढायच्या की नाही असा विचार करत उभा राहतो. व्यसन नाही. बोलणं नाही. फक्त हात.

कोळशाची भुकटी त्याच्या हातांच्या रेषांमध्ये अशी बसली होती की ज्योतिष्याला चष्मा लागू नये. नखांच्या कडा काळ्या, पेरांच्या घड्या काळ्या, मनगटापर्यंत काळी जाळी. साबणाने जायची नाही. मुली पाहायला गेलो की पोह्यांची बशी घेण्यासाठी तो हात पुढे करायचा आणि समोरच्या घरातल्या बायांच्या नजरा त्या हातावरून थेट दाराकडे जायच्या. नंतर फोन यायचा, "मुलगी अजून शिकायचं म्हणते." पस्तिशीच्या मुलीही अजून शिकायचं म्हणाल्या. पुढे पुढे तो पोहे घेईनासा झाला. शेवटी मुली पाहायला येईनासाच झाला. रविवारी तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि सासूबाई मला खुणेने सांगायच्या, जागा आहे, बघ.

अशा वेळी माझ्या मामाने एक स्थळ आणलं. लांबचं. बैतूलकडचे डोंगर, तिथे कोळशाच्या खाणी, खाणीच्या वसाहतीत मराठी माणसं, त्यातलं एक आपल्यातलं कुटुंब. मुलीचा बाप आयुष्यभर खाणीत खाली उतरून आता निवृत्त झालेला. मुलगी पस्तिशीला टेकलेली, वसाहतीतल्या शाळेत मुलांना शिकवणारी. फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगत होती. "तू नीट धर ना मोबाइल" असंच काहीतरी असणार. मला ती तिथेच आवडली. दिराने फोटो पाहिला, परत दिला आणि थोड्या वेळाने पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "वहिनी, परत एकदा दाखवा."

त्या "परत एकदा" साठी मी दोन्ही हात आकाशाकडे केले होते. नाटकीपणे नाही. खरंच केले होते.

आता मामाची करामत ऐका. त्याने तिकडे फोनवर सांगून टाकलं होतं की मुलगा मिलीत सुपरवायझर आहे. वर आम्हाला म्हणतो, "मी बोलून बसलो आहे, आता तुम्ही सांभाळा." सुपरवायझर म्हणजे हातात पेन, गळ्यात ओळखपत्र. हे हात कोणत्या सुपरवायझरचे म्हणून खपवायचे?

त्यावर तोडगा काढला आमच्या ह्यांनी. हे रंगाईच्या मिलीत मशीनवर आहेत. तिथे कापडावर चुकीचा रंग चढला की तो उतरवायला हायड्रो नावाची पावडर असते. कॉस्टिकच्या पाण्यात ती टाकली की गडद जांभळी साडी बघता बघता पांढरीफटक होते. हाताला लागलेला रंग काढायलाही मिलीतली माणसं चिमूटभर घेतात. घरी लग्नकार्य असलं की जरा जास्त घेतात. हे डब्यात घालून घेऊन आले आणि बादलीपुढे उभे राहून म्हणाले, "कापडाला चालतं ते कातड्याला का नाही चालणार?"

दिराने हात बादलीत घातले. एकदा नाही, जाण्याआधी पुष्कळ दिवस, रोज ड्यूटीवरून आला की. आग व्हायची तेव्हा तो डोळे मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करायचा. मी खोबरेल तेल लावायचे. आधी हात लाल झाले, मग साल निघाली, आणि सालीबरोबर कोळसा निघाला. बरंचसं निघालं. तळव्याच्या अगदी खोल रेषांत थोडा राहिला, पण हाताच्या वरच्या बाजूला, पेरांवर, मनगटावर स्वच्छ पांढरट गुलाबी कातडी आली. इथे पांढरी, तिथे पांढरी, मध्ये मध्ये त्याचा मूळचा सावळा रंग. सासूबाईंनी हात उजेडात धरून पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "गोरा जाया रे मना पोऱ्या!"

आम्ही सगळे त्या हातांवर खूश होतो. रंगाईच्या वस्तीत असे हात कोणाचे ना कोणाचे नेहमीच असतात. महिना-दोन महिन्यांत कातडी भरून येते, रंग परत येतो, कोणी वळून बघत नाही. आम्हाला त्यात स्वच्छता दिसली. दुसरं काही दिसलंच नाही.

निघताना मी दिराला गाडीतच शपथ घातली, "तिकडे कोळशाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सुपरवायझर कोळशाबद्दल बोलत नाहीत." एका गाडीने भुसावळ, दुसरीने इटारसी, तिसरीने घोडाडोंगरी. थंडीचे दिवस. त्याने मिलीतल्याच कापडाचा क्रीम रंगाचा शर्ट शिवून घेतला होता आणि तो चुरगळू नये म्हणून रात्रभर पाठ टेकली नव्हती. पहाटे डोंगर दिसायला लागले तेव्हा तो खिडकीशी आला. मी सांगितलं, "बघा भाऊ, आपली तापी ह्याच डोंगरांतून निघते. मुलताईला." तो म्हणाला, "एवढ्या लांबून येते?" आणि मग बऱ्याच वेळाने, "परत जाताना बघू या का? सगळे मिळून?" सगळे म्हणताना त्याने मोजलेल्या माणसांत एक जास्त होतं, हे मला कळलं.

स्टेशनवर मुलीचे वडील जीप घेऊन आले होते. डोक्याला माकडटोपी, अंगात वसाहतीच्या दुकानातलं जाड स्वेटर, आणि असं हसू की मला वाटलं, ह्या माणसाच्या घरी आपलं निम्मं काम झालंच आहे. दिराने थंडीने हात खिशात घातले होते, तो तसाच वाकला. "राहू द्या, राहू द्या," वडील म्हणाले. "सुरतेची माणसं आमच्या जंगलात आली, हेच पुष्कळ." आमच्याकडे 'का' म्हणतात तिथे ते 'काऊन' म्हणायचे. "रात्री जेवले काऊन नाही?" "सामान एवढं कमी काऊन आणलं?" मला त्या 'काऊन'ची इतकी मजा वाटली की मी दोनदा मुद्दाम त्यांना प्रश्न विचारायला लावले.

घराच्या दाराशी तांब्या भरून ठेवलेला होता. पाहुण्यांच्या हातापायांवर पाणी ते स्वतः घालत होते. आधी ह्यांच्या, मग माझ्या. मग दिराने बाह्या वर केल्या आणि हात पुढे केले.

पाण्याची धार थांबली. तांब्या हवेत तसाच राहिला, मग थोडं पाणी त्याच्या हातांवर आणि बरंचसं पायांवर पडलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, थंडीने हात थरथरला असेल. आम्हा दोघांना खुंटीवरचा पंचा मिळाला. दिराला आतून घडी न मोडलेला नवा टॉवेल आणून दिला. मी ह्यांना कोपराने ढोसलं. "नवा टॉवेल! लक्षण चांगलं आहे."

चहा आला. आम्हाला कपबशीत, दिराला कागदी कपात. मी परत ढोसलं. "शहरातला मुलगा म्हणून त्याला खास." हे म्हणाले, "अगं, गप." पण हसत होते. अशी मी त्या घरातली एकेक गोष्ट शुभशकुन म्हणून गोळा करत होते. एवढ्या आनंदात मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हते.

आतल्या खोलीचा पडदा हलला, पण कोणी बाहेर आलं नाही. मुलीची आई उंबऱ्यात उभी राहिली, परत आत गेली. शेवटी मीच लाडात येऊन म्हटलं, "दादा, आता आमच्या होणाऱ्या जाऊबाईंना बोलवा की."

ते उठून उभे राहिले. माकडटोपी काढली, परत घातली.

"तिला जरा बरं नाही वाटत, ताई. ताप आहे. आलेच आहात त आमचा इलाका पाहून घ्या न. संध्याकाळी पाहू. आधी धरण पाहून घ्या."

तर अशी आमच्या पर्यटनाला सुरुवात झाली.

धरणावर जाऊन मी विचारलं, "पाणी कुठे आहे?" समोर नजर पोहोचेल तिथपर्यंत हिरवंगार मैदान होतं, एखाद्या गायीने धावत सुटावं असं. "हेच पाणी," ते म्हणाले. वरून शेवाळासारखी कसली तरी वनस्पती पसरली होती, गालिचासारखी. काढली की परत येते म्हणाले. पलीकडे वीजघराच्या उंच चिमण्या, काहींतून धूर, काही थंड. ह्यांनी मोबाइल काढून फोटो काढले. मी धरणाच्या भिंतीवर उभं राहून हात पसरून गाण्यातल्या नटीसारखी एक गिरकी घेतली, कोणी तरी हसावं म्हणून. मुलीचे वडील हसले नाहीत. ते दिराच्या हातांकडे बघत होते. मी नजर पकडली तेव्हा ते चिमणीकडे बघायला लागले.

मग त्यांनी आम्हाला खाण दाखवायला नेलं. त्यांची स्वतःची जुनी खाण, आता बंद. गंजलेलं फाटक, त्यामागे डोंगराच्या पोटात शिरणारा उतार, आणि बाजूला खोदून काढलेल्या दगडमातीचा मोठा ढीग, त्यावर आता झाडं उगवलेली. "इथून उतरायचो," ते म्हणाले. "सूर्य उगवायच्या आत खाली, मावळल्यावर वर. हिवाळाभर ऊन दिसायचं नाही."

दिराने शपथ मोडली. "खाली गरम असतं का?"

"आतमध्ये दमट. घाम वाळत नाही."

"आमच्याकडे उलटं," दीर म्हणाला. "घाम येतो न येतो तोच वाळतो. नुसतं मीठ राहतं अंगावर." मी त्याला मागून चिमटा काढला. सुपरवायझरच्या अंगावर कशाला मीठ राहील? पण त्याला थांबायचं नव्हतं. "आणि खालून निघतो तेव्हा कोळसा गार असतो?"

"गार, अंधारासारखा गार." वडिलांचा चेहरा उजळला होता. ते फाटकाशी आले, त्यांनी सळीला धरून बोट आत दाखवलं. "ते वळण दिसतं न? तिथून पुढे..." दिरानेही त्यांच्या शेजारी सळी धरली. दोन हात शेजारी शेजारी आले. एक म्हातारा, काळ्या रेषांचा. एक चट्ट्याचट्ट्यांचा पांढरा. वडिलांनी आपला हात काढून घेतला, हळूच, समोरच्याला कळू नये अशा रीतीने. मग म्हणाले, "चला, ऊन वाढतंय."

निघताना दीर वाकला. पायाखालचा कोळशाचा एक लहानसा तुकडा उचलून त्याने खिशात टाकला. मी डोळे वटारले, तर तो पँटच्या खिशावर हात ठेवून लाजला. मला आजवर कोणी कोळसा चोरताना लाजलेलं पाहायला मिळालं नव्हतं.

दुपारनंतर एका डोंगरातल्या महादेवाच्या गुहेत गेलो. वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं, आत छतावरून पाणी ठिबकतं. हे मध्येच अडकले आणि मी मागून ढकललं, त्यावर मी आजही पंधरा मिनिटांचा प्रयोग करते, तो इथे आवरते. दीर पिंडीपुढे खूप वेळ हात जोडून बसला. बाहेर आल्यावर मी त्याला चिडवलं, "काय मागितलं एवढं? पुढचे दोन जन्मही उरकून घेतले की काय?"

तो म्हणाला, "तिचा ताप उतरावा."

संध्याकाळी ताप उतरला नव्हता. आम्हाला शेजारच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये झोपायला जागा दिली, जेवणाचं ताट तिथेच आलं. दिराचं ताट पत्रावळीवर. "डोंगराकडची पद्धत असेल," हे म्हणाले, पण आपल्या स्टीलच्या ताटाकडे बघून बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात जाऊन उभीच राहिले. "दादा, आमची गाडी उद्या आहे. आज तरी पोरीला दोन मिनिटं बाहेर बसवा. ताप असला तर आम्ही लांबून बघू."

"आज किल्ला पाहून घ्या," ते म्हणाले. "इतिहासाचा आहे, ताई. सुरतेत असा किल्ला नाही."

"सुरतेत किल्ला आहे," मी म्हटलं.

"डोंगरावर नाही न."

पुरीभाजी बांधून जीप निघाली. किल्ला लांब होता, गोंड राजाचा, बराचसा पडलेला. बुरुजांतून पिंपळ उगवलेले, कमानीखाली शेळ्या. मुलीचे वडील आम्हाला एकेका दगडापाशी थांबवत होते. हा दरवाजा, ही तोफेची जागा, हे राणीचं न्हाणं. मध्ये मध्ये त्यांचा फोन वाजायचा, की ते बुरुजाआड जाऊन बोलून यायचे आणि आल्यावर नवा दगड दाखवायचे.

तळ्यापाशी त्यांनी परिसाची गोष्ट सांगितली. लोक सांगतात की राजाजवळ परीस होता. लोखंडाला लावला की सोनं. शत्रू आला तेव्हा राजाने तो ह्या तळ्यात फेकला. पुढे कोणीतरी हत्तींच्या पायांत लोखंडी साखळ्या बांधून त्यांना तळ्यात फिरवलं. साखळीच्या काही कड्या सोन्याच्या होऊन वर आल्या, परीस काही सापडला नाही. हे ऐकून आमचे हे तळ्यात पाय बुडवून बसले, पायातल्या चपलेला लोखंडी खिळे आहेत म्हणून. मी म्हटलं, "बसा अजून. सोन्याचे झालात तर मी वितळवून पाटल्या करीन." दीर हसला. मग तो पायरीवर वाकला आणि त्याने हात पाण्यात बुडवून धरले, उगाच, लहान मूल धरतं तसे. ऊन सरळ हातांवर पडलं होतं. मुलीचे वडील उठून दूर जाऊन बसले.

दिवस कलायला लागला तसा मी धीर सोडला. "दादा, आता घरी. संध्याकाळ झाली की मुलगी दाखवत नाहीत, असं नका सांगू म्हणजे झालं."

"ती विहीर राहिली," ते म्हणाले. आवाज इतका थकलेला होता की मला त्यांचीच दया आली. आम्ही विहीर पाहिली. कोरडी होती.

घरी आलो तर अंगणात सडा, दारात रांगोळी, आत चार खुर्च्या जास्तीच्या, सतरंजीवर झेंडूच्या पाकळ्या. पेढ्यांचा वास. मी दिराचा दंड घट्ट धरला. आमच्यासाठी! दिवसभर फिरवलं ते ह्यासाठी, तयारी करायला वेळ हवा होता! मी पदर सारखा केला, दिराच्या शर्टाची कॉलर सरळ केली, ह्यांना दरडावलं, "पाय झटका." आणि आम्ही तिघं त्या सतरंजीच्या कडेला, पाकळ्या चुरगळू नयेत म्हणून अंग चोरून बसलो. आईने पेढे आणले. नजर वर न करता म्हणाली, "मुलगी मावशीकडे गेली आहे."

दीर उठला आणि क्वार्टरवर गेला. त्याने शर्ट काढला आणि घडी करून बॅगेत तळाशी घातला. मी काहीतरी विनोद करायला गेले, तर म्हणाला, "राहू द्या वहिनी. सगळं बघून झालं." मुलताईचं त्याने नाव काढलं नाही.

सकाळी वडील स्टेशनवर सोडायला आले. आणि त्यांच्या मागे, हातात डबा घेऊन, ती आली. ताप नव्हता. अंगावर नवीकोरी साडी, हातात हिरव्या बांगड्या. साडी आमच्या सुरतेची होती, प्रिंट मी लांबूनच ओळखली. आता ती दाखवायची गोष्ट राहिली नव्हती, म्हणून तिला येऊ दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की फोटोतल्यासारखीच ती काहीतरी सांगायच्या बेतात आहे.

तिने डबा माझ्याकडे दिला. मग दिराकडे बघून, आपल्या वर्गातल्या मुलाला सांगावं तसं म्हणाली, "हातांना ऊन लागू देत नका जाऊ. उन्हाने वाढतं म्हणतात. आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्या नेहमी छत्री घेऊन यायच्या. बाकी काही होत नाही त्याने. लोकांचं ऐकायचं नाही."

"काय वाढतं?" मी विचारलं.

तिने वडिलांकडे पाहिलं. वडील सिग्नलकडे बघत होते.

"हेच," ती म्हणाली. "कोड."

नवा टॉवेल, कागदी कप, पत्रावळ, एकेक वस्तू उलटी होऊन माझ्यापुढे उभी राहिली. हे म्हणाले, "अहो, कोड कसलं? हायड्रो आहे ते! रंग काढायची पावडर! मिलीत सगळ्यांचे होतात!" पण ते इतक्या मोठ्याने आणि इतक्या घाईने म्हणाले की कोणालाही खोटं वाटावं.

दिराने खिशातून तो कोळशाचा तुकडा काढला आणि तळहातावर धरला.

"कोड नाही," तो म्हणाला. "हे होतं हातावर. ते काढलं. मी सुपरवायझर नाही. बॉयलरवर कोळसा टाकतो."

मुलीच्या वडिलांनी त्याचा हात हातात घेतला. दोन दिवसांत पहिल्यांदा. तळवा उताणा केला, कोळसा बाजूला सारला आणि अंगठ्याने त्या खोल रेषा चोळून पाहिल्या, जिथे अजून काळं उरलं होतं. मग आपला तळवा उघडून शेजारी धरला. दोन्हीकडे तेच.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच.

"काल सुपारी फुटली, ताई," ते माझ्याकडे बघून म्हणाले, तिच्याकडे नाही. "तुम्ही किल्ल्यावर होता तेव्हा. माझ्या भावाने घरी बसून उरकलं. नवरदेव पाथाखेड्याचे आहेत, बायको वारली आहे त्यांची. कधीचे विचारत होते, मी थांबवून ठेवलं होतं. तुमच्यासाठी." सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला, हे आम्हालाही कळत होतं. ती बांगड्या मनगटावर वर सरकवत उभी होती, एकेक करून, आणि त्या परत खाली येत होत्या.

गाडी आली. ती ह्या स्टेशनावर फार थांबत नाही. ह्यांनी बॅगा चढवल्या, मी डबा छातीशी धरून चढले, दीर शेवटी चढला आणि दारातच उभा राहिला. तिने हात वर केला की पदर सावरला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. गाडी हलली तसे तिचे वडील दांडीला धरून आमच्या बरोबर चालायला लागले, मग पळायला लागले, माकडटोपी मागे सरकलेली, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"अरे, कोळशाचेच हात होते त धुतले काऊन!"